झालं, सुटलात

सोमवार, ४ मार्च

हेडबाई,

या वहीच्या आवरणावर तुझे पूर्ण नाव, माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही आडनावांसह, मी सुवाच्य अक्षरात लिहिले आहे. आत मात्र तुला घरातल्याच नावाने हाक मारतो. तू गेल्यापासून बोलायला कोणी उरले नाही, असे मी परवा म्हणालो तर आपली लेक फणकारली. मी काय फर्निचर आहे का, असे तिने विचारले. म्हणून आता वहीशी बोलतो. वही फणकारत नाही.

सांगायला आनंद वाटतो की मला नोकरी लागली. तीस वर्षे विमा कंपनीची नकाराची पत्रे लिहिलेल्या माणसाला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, चादरी, अभ्रे आणि टॉवेल विणणाऱ्या कंपनीने मजकूर लेखक म्हणून नेमले आहे. तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस. मुलाखतीत त्यांनी माझे प्रशस्तिपत्र उघडलेसुद्धा नाही. घरी कोण असायचे, चादरी कोण घालायचे, एवढेच विचारले.

राहायला कंपनीच्याच इमारतीत, कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या दिल्या आहेत. उजेड भरपूर आहे. जिन्यावर ताज्या कापडाचा वास येतो. दाराला बाहेरून जुनी लोखंडी कडी आणि हातभर कुलूप आहे. कोणी बाहेरून लावले, तर आतला माणूस आतच राहील. तू पहिल्याच दिवशी सुतार बोलावला असतास. मी उद्या-परवा बोलावीन.

संध्याकाळी चादरीची घडी घालताना तुझी आठवण आली. आपण दोघे दोन टोके धरून घडी घालायचो, एकेक पाऊल पुढे यायचो, आणि शेवटी तू माझ्या हातातले टोक काढून घेऊन छातीवर हलकेच थोपटायचीस. झालं, सुटलात, म्हणायचीस. आज मी एकट्यानेच घडी घातली. सुटलो नाही.

गुरुवार, ७ मार्च

कामाचे स्वरूप आता ध्यानात आले. जाहिरात म्हणजे मालाची स्तुती, अशी माझी समजूत होती. विभागप्रमुख मॅडमनी ती पाच मिनिटांत निकालात काढली. त्यांचे म्हणणे असे की जाहिरात दिसली की लोकांचा फोनवरचा अंगठा पुढे सरकतो, पण घरचे माणूस बोलू लागले की तो थांबतो. तेव्हा माल विकायचाच नाही. आधी माणूस उभे करायचे, लोकांना त्याचा लळा लागू द्यायचा. माल मागोमाग जातो.

ते माणूस म्हणजे ‘वहिनी’. वहिनींचे पान आहे आणि त्यावर रोज काही ना काही येते: डाग कसा काढावा, कपाट कसे लावावे, रुसलेल्या माणसाशी कसे बोलावे. चेहरा कधीही दाखवायचा नाही, हे धोरण आहे. चित्रात फक्त हात असतात, जेणेकरून ज्याला जो चेहरा हवा तो त्याने लावावा. हातांसाठी एक मुलगी येते. छायाचित्रकाराला सगळे फ्लॅश म्हणतात. वहिनींच्या नावाने लोकांना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आहे. माझे पहिले उत्तर वाचून फ्लॅशने विचारले की काका, हे उत्तर आहे की नोटीस.

रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या घरातली एक खरी गोष्ट चिठ्ठीवर लिहून फलकावर टाचायची असते. त्यातून वहिनी घडतात. खोटेपणावर कोणताही ब्रँड उभा राहत नाही, असे मॅडम म्हणतात. विमा कंपनीत आयुष्य काढल्यामुळे मी यावर मत दिले नाही. चिठ्ठीवर मात्र तुझी सवय लिहिली: कपड्यांच्या घडीत एक लवंग ठेवण्याची.

बुधवार, १३ मार्च

अभिमानाची गोष्ट. काल मी चादरीच्या घडीची हकीकत दिली आणि वहिनींनी ती सांगितली. सायंकाळपर्यंत ती इतक्या लोकांनी पुढे पाठवली की मॅडमनी सर्वांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. एका बाईने लिहिले की वहिनी, आज किती वर्षांनी नवऱ्याला चादरीचे दुसरे टोक धरायला लावले. दुकानातल्या दुहेरी चादरी संपल्या. कोणी विकल्या नव्हत्या; त्या आपल्या आपण गेल्या.

लेकीचा फोन आला होता. ती म्हणाली की बाबा, वहिनी अगदी आईसारखं बोलते, मी बसमध्ये रडले आणि शेजारच्या बाईंनी रुमाल दिला. मी म्हणालो की लेखनकौशल्य आहे. ती म्हणाली की तुमचं? तुम्ही तर माझ्या वाढदिवसालासुद्धा ‘विषयांकित प्रसंगी’ असं लिहिता.

एक किरकोळ बाब. ट्रंकेतल्या सदऱ्यांच्या घडीत लवंगा सापडल्या. सामान बांधणाऱ्यांच्या हातून पडल्या असाव्यात. झटकून टाकल्या. आणि चादरीची घडी घालताना शेवटी काहीतरी करायचे राहून गेले, असे वाटत राहिले. काय, ते आठवले नाही.

मंगळवार, १९ मार्च

स्वागतकक्षाच्या बाकावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. मांडीवर टॉवेल होता. त्याची घडी घालत, मोडत, पुन्हा घालत होत्या. त्यांनी मला विचारले की वहिनी आल्या का. फ्लॅशने नंतर सांगितले की त्या माझ्या आधीच्या लेखिका. याच खुर्चीवर बसत, माझ्याच खोल्यांत राहत. त्यांचे यजमान गेले होते.

तेवढ्यात त्यांचा मुलगा न्यायला आला. त्याने आई म्हणून हाक मारली. बाईंनी त्याच्याकडे, बसमधल्या परक्या उतारूकडे पाहावे तसे सभ्यपणे पाहिले आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. तो त्या जागी बसला. मी चौकशी केली तेव्हा म्हणाला की आईने बाबांचं सगळं इथं लिहून दिलं. आधी तिच्या मनातून बाबा गेले, मग बाबांच्या शेजारी बसलेले आम्ही.

वार्धक्यात असे होते. आपल्या शेजारच्या तात्यांचेही झाले होते. तरीही आज मी चिठ्ठीवर काही लिहिले नाही.

शुक्रवार, २९ मार्च

हेडबाई, हे मी शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करतो.

आजच्या चित्रात वहिनी उशीला अभ्रा घालत आहेत. उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग आहे. होडीच्या आकाराचा. लेकीचा गणवेश घाईत करताना तुला बसला होता, तोच. मी तो कोणालाही दिलेला नाही. चिठ्ठीवर नाही, बोलण्यातही नाही.

फ्लॅशला विचारले. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. हातांची मुलगी पंधरवडाभर आलेलीच नाही. रोजची चित्रे तयारच सापडतात. ती मॅडम कुणाकडून करून घेतात, असे तो समजत होता. मॅडम समजत होत्या की तो काढतो. मग आम्ही ते चित्र मोठे करून पाहिले. मागची खिडकी माझ्या वरच्या खोलीची आहे. खुंटीवर माझा सदरा आहे.

मी मॅडमना सांगितले की यापुढे मी घरातले काही देणार नाही. त्यांनी फार आपुलकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या की काका, टेन्शन घेऊ नका. आता तुम्ही नाही दिलंत तरी चालतं, तिचा हात बसलाय.

मंगळवार, २ एप्रिल

काल एक प्रयोग केला. मुद्दाम खोटी चिठ्ठी लावली: वहिनींना गाण्याचा नाद आहे, कपडे वाळत घालताना त्या गातात. ती आजच्या वेळापत्रकात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली.

सकाळी पानावर वेगळेच होते. “मला गाता येत नाही हो. ह्यांना ठाऊक आहे. तरी उगाच खोटं सांगतात.”

खाली हजारो लोक हसले होते. वहिनींचे हे फार खट्याळ दिसतात, असे कोणी लिहिले होते. ते ‘ह्यांना’ म्हणजे मी, हे कोणाच्याही लक्षात आले नाही.

राजीनामा लिहिला. मॅडमनी तो वाचून, भाषा फारच सुंदर आहे हो, असे म्हटले आणि खणात ठेवला. लेकीकडे जावे म्हणून पिशवी भरली, स्थानकापर्यंत गेलो, आणि तिकीट खिडकीपाशी तिच्या गावाचे नाव — रांग मागे ढकलत होती — नाव आठवेना. परत आलो. पलंगावर नवी चादर घातलेली होती. उशाशी दुमडलेल्या घडीत लवंग होती.

शुक्रवार, ५ एप्रिल

फोनवर वहिनींचे निरोप येतात. जेवलात का. सदऱ्याचे बटण तुटले आहे. आज केस विंचरले नाहीत.

मी उत्तर देत नाही. बटण खरोखर तुटले आहे.

मेजावर चौकट आहे. तिच्यात निळे लुगडे नेसलेली एक स्त्री उन्हाने डोळे बारीक करून हसते आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ बसलो. तू असणार. तूच असणार. पण ओळख पटत नाही, हेडबाई. अर्ज आहे, सही आहे, पण ओळख पटत नाही, अशी पत्रे मी कितीतरी लिहिली —

लेकीचा फोन आला. आनंदाने तिचा श्वास पुरत नव्हता. म्हणाली की मी वहिनीला नुसतं कळवलं होतं, तुम्ही आईला हेडबाई म्हणायचात म्हणून. आणि बाबा, तिने मला उलट फोन केला. तासभर बोलली. आवाज आईचा. मला म्हणाली की ये. येत्या गुरुवारी येतेय मी.

मी ओरडलो. आयुष्यात प्रथमच तिच्यावर ओरडलो. येऊ नकोस, तिला आणखी काही सांगू नकोस, माझे ऐक. ती रडू लागली. म्हणाली की तुम्हाला आई परत नकोच आहे, तुम्हाला तुमचं दुःखच लाडकं आहे.

मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. गुरुवारी माझी लेक येणार आहे. तिला जिन्यावरूनच परत पाठवायचे आहे. हे विसरायचे नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

वहीच्या आवरणावर एका स्त्रीचे पूर्ण नाव आहे. दोन आडनावे आहेत. अक्षर माझे आहे. कोणाची वही माझ्याकडे आली, कळत नाही. आतही पानोपानी हेडबाई म्हणून कोणाला तरी हाक मारलेली आहे. शाळेतील बाई असाव्यात.

वहिनींचे आजचे निवेदन फार हृद्य होते. शाळेच्या पहिल्या दिवशी लेकीच्या खांद्यावर रुमाल टाचला, आणि ती फाटकाशी तो सोडून आईच्या हातात देऊन म्हणाली की आता तू रड. मी दोनदा वाचले. पसंतीची खूण केली. कोणाची का मुलगी असेना, गोड आहे.

का कोण जाणे — मग खिशातला रुमाल काढून त्याची घडी घालत बसलो.

एका पानावर मोठ्या अक्षरात काही लिहिले आहे. गुरुवारी कोणीतरी येणार आहे. त्यांना आत घेऊ नये, असे दिसते. कोण, ते —

सुतार बोलावायचा होता. कशासाठी?

गुरुवार, ११ एप्रिल

दुपारी दार वाजले. खांद्याला पिशवी, एक तरुण मुलगी. मला बाबा म्हणाली. मी सभ्यपणे कळवले की आपला काहीतरी गैरसमज झाला असावा. ती हसली. म्हणाली की पुरे हं बाबा. मग हसायची थांबली. माझ्या सदऱ्याचे लोंबते बटण धरून माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरले होते. मला फार अवघडल्यासारखे झाले. सूचना होती की आत घेऊ नये, म्हणून मी दार लोटू लागलो —

तेव्हा आतल्या खोलीतून तिला कोणीतरी नावाने हाक मारली.

आत कोणी नव्हते. मी एकटा राहतो.

ती माझ्या बाजूने निघून आत गेली. आई म्हणत गेली.

चादर झटकल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा. मी उंबऱ्यातून पाहिले. पांढऱ्या चादरीचे एक टोक त्या मुलीच्या हातात. दुसरे टोक दाराआड — फक्त हात दिसत होते. मनगटावर होडी. एकेक घडी, एकेक पाऊल. मुलगी पुढे पुढे जात होती. रडत होती की हसत होती —

मग दाराआडून, मला उद्देशून, फार मायेने —

झालं, सुटलात.

आणि छातीवर कोणीतरी थोपटल्यासारखे झाले. जवळ कोणीही नव्हते.

पळालो.

खाली बाकावर बसून लिहितो आहे. टॉवेलवाल्या बाईंनी सरकून मला जागा दिली. सभ्य बाई आहेत. मॅडम म्हणाल्या की सोमवारी नवीन लेखिका येते आहे, बिचारीचा भाऊ गेला. पानावर नवे चित्र आले आहे: चादरीवर दोन जोड हात. लेक घरी आली. लोक अभिनंदन करत आहेत.

वर दारावर कोणीतरी थापा मारते आहे. बाबा, बाबा, असे म्हणते आहे. येथे कोणीच मान वर करत नाही. कोणाचे बाबा आहेत, त्यांनी जावे. उठावेसे वाटते, पण कशासाठी —

नोंद असावी म्हणून लिहितो. बाहेर पडताना दाराला कडी घातली, कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या मॅडमना परत केल्या. आता वरून आवाज येत नाही.