खोटा म्हटलेला युरिया

७ जानेवारी
थंडी हाडात शिरली. कपाशी उपटून उशिरा पेरलेला गहू पिवळाच. युरिया फेकला, पाणी भरलं, तरी रंग धरत नाही. उजाडता हौदावरून तांब्याभर पाणी घेतलं, मूठभर युरिया टाकला. अस्सल असला तर विरघळतो आणि तांब्या हाताला गार लागतो, ही माझी जुनी पारख. दाणे तळाशी तसेच. गारबिर काही लागलं नाही. माल खोटा. धरणगावच्या सलीमभाईंच्या दुकानातला. इतक्या वर्षांचा माणूस, आणि...

८ जाने.
दूध डेअरीवर बोललो. तांब्याची गोष्ट जरा चवीनंच सांगितली. शेजारच्या नानाचा गहूही पिवळा, युरिया त्याच दुकानातला. म्हणाला, "आबा सांगस म्हंजे खरंच." बरं वाटलं तेव्हा.

१२ जाने.
गावातलं कुणी सलीमभाईंकडे जात नाही आता. पोरं म्हणतात, तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार करू, परवानाच जाऊ दे. पुढच्या सोमवारी. पुढे मी चालायचं. हो म्हणून बसलो.

१५ जाने.
सूनबाई गव्हाला पाणी भरत होती. हाक मारली, "आबा, इकडे बोअरच्या तोंडाशी बघा." तिथला गहू हिरवागार. लांबच्या टोकाला पिवळा. गोणी एकच, फेकणारा हात माझाच. बोअरचं पाणी सकाळी कोमट असतं, टोकाला पोचेस्तोवर गारठतं. ओल दोन्हीकडे सारखी, फरक तेवढा उबेचा. मातीतले बारीक जीव थंडीनं आखडले की युरिया पिकाला घेता येईल असा होत नाही, निदान लवकर तरी नाही. हे मी वाचलेलं. लोकांना शिकवलेलंही.
सूनबाई म्हणाली, "थंडीत दही लागत नाही, तेव्हा आपण दुधाला खोटं म्हणतो का?" आणि हसली. मला काही हसू आलं नाही.
दुपारी उन्हातलं पाणी घेऊन परत पाहिलं. ढवळताच दाणे गडप, तांब्या बर्फ. त्या सकाळी ढवळलं होतं का मी? आणि हात बधिर झालेला, त्याला गार काय कळणार.

१६ जाने.
डेअरीवर सांगितलं, चुकलो, युरिया चांगला आहे. कॅनमागून कुणीतरी म्हणालं, "सलीमभाईनं चहा पाजला वाटतं आबांना." सगळे हसले. नाना नाही हसला. "तूच सांगेल शे ना बठ्ठास्ले, सगळा गावले. आते काय हुयनं?" म्हटलं, ऊब येऊ दे, तुझाही हिरवा होईल. "तू नको येवू. आम्ही जासुत तक्रार कराले."
आधी माझं लगेच पटलं. आताचं पटेना. तोंड तेच.

१७ जाने.
धरणगाव. दुकानात गिऱ्हाईक नाही. सलीमभाईंनी स्टूल पुसून पुढे केलं. म्हटलं, युरिया खोटा हे माझ्याच तोंडून निघालं.
"कळलं होतं, आबा. वाटलं, तुम्ही भांडायला तरी याल. आलाच नाहीत. तेच लागलं."
चहा मागवला त्यांनी.

१९ जाने., सोमवार
सकाळीच जाऊन दुकानाच्या पायरीवर बसलो, रस्त्यावरून दिसेन असा. कार्यालयाची वाट तिथूनच. सलीमभाई म्हणाले, "आत या, आबा, थंडी आहे." नाही गेलो. नानाची मोटरसायकल आली, मागे आणखी दोघं. "घर चाल, आबा." म्हटलं, युरियाच्या दुसऱ्या हप्त्याची गोणी घ्यायचीय, इथूनच. ते कार्यालयाकडे गेले.
परतताना नाना एकटाच होता, दुकानापुढे थांबला. साहेब जागेवर नव्हते, शुक्रवारी बोलावलंय म्हणाला. गाडी चालूच. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुना गहूना शेंडा हिरवा हुयना का? त्या टोकना?"
अजून नाही, म्हटलं. खोटं कसं बोलू परत.
"हुयना म्हंजे माले सांगजो. शुक्रवारना आगोदर."

२० जाने.
उठल्या उठल्या लांबच्या टोकाला गेलो. गहू पिवळाच. वाकून मातीत बोटं घातली. ओल भरपूर. गार.