देवीचा कौल आणि कादंबरीतली आत्या

गुरुजी, गेल्या रविवारी सकाळी देवीला अंघोळ घालून मी चाफ्याच्या पाकळ्या निवडत बसलो होतो आणि धाकटा भाऊ मागे हात जोडून उभा होता. आमच्याकडची कौलाची रीत तुम्ही पाहिलेली आहे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर आईचा, म्हणजे देवीचा होकार, डावी पडली तर नकार. भावाला आमच्या पडवीत, भाज्याची लेणी बघायला येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीची खानावळ काढायची आहे. तीन वर्षांपूर्वी आईनं नको म्हटलं, म्हणून तो गप्प बसला. आता पुन्हा विचारायला आला होता. आणि पाहतो तर माझी बोटं आपोआप एक जाड आणि एक पातळ पाकळी बाजूला काढत होती. जाड पाकळी आधी घसरते. मी ताट खाली ठेवलं आणि म्हणालो, "आज फुलं शिळी आहेत." फुलं मीच तासाभरापूर्वी तोडली होती.

तुम्ही शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला ती जुनी जाडजूड कादंबरी वाचून दाखवायचात. तिच्यातली आत्या कधी कुणाला हुकूम सोडत नाही. "मी कोण सांगणारी?" एवढंच म्हणते, पदर सावरते, आणि अख्खं घर तिला हवं तिकडे वळतं. थोरले काका मात्र तोंडावर सांगतात, "मला हे पटत नाही, तू तुझं ठरव," आणि दर प्रकरणात हरतात. तरी घरातला जो तो पुढे त्यांच्यासारखा होत जातो. तुम्ही विचारलंत, कोणाला कोण व्हायचंय? सगळा वर्ग काका झाला. मी हात वर करून म्हणालो, "मला आत्या व्हायचंय, गुरुजी. तिचं काम होतं." लोणावळ्याच्या बाजारात आमच्या वर्गातला एकजण अजून भर गर्दीत "ए आत्या" म्हणून हाक मारतो, आणि मी ओ देतो.

पुढच्याच आठवड्यात मी ती विद्या तुमच्यावर चालवली. "गुरुजी, तुमचा घसा बसलाय. गणित ओरडून शिकवावं लागतं. कादंबरी हळू वाचली तरी चालंल." तुम्ही गणित मिटलंत, दोन पानं वाचलीत आणि मध्येच थांबून म्हणालात, "तू माझी काळजी केलीस, का माझा घसा कामाला लावलास?" मारलं नाहीत. मारलं असतं तर मी विसरलो असतो. आत्या एकही शब्द खोटं बोलत नाही, मग तिचं चुकतं कुठे, हे वर्गात कुणाला सांगता आलं नव्हतं. तुम्हीच सांगितलंत, की काका माणसाला चौकात उभं करून विचारतात, आत्या तीन रस्ते गुपचूप बंद करते आणि म्हणते, जा की कुठंही.

मी तर देवीलाच आत्या केलं. कशासाठी? माझ्या कंपनीला रविवारी सुट्टी, तेवढा एक दिवस पडवीत शांत बसून पोथी वाचायला मिळावी म्हणून. आणि माझा भाऊ तीन वर्षं खंडाळ्याच्या हॉटेलच्या पाहुण्यांना गाडीतून फिरवतोय. वर आईचे आभार मानतो, तिनं काहीतरी वाईट टाळलं असणार म्हणून. ते ऐकताना माझ्यानं पोथीचं पान उलटत नाही.

त्याच दुपारी मटण होतं. जेवताना सांगितलं.

"तीन वर्सामागचा कौल आईचा नव्हता. मी पाडला. डावी पाकळी जाड घेतली, उजवी अंगठ्यानं दाबून बसवली."

भावाचा घास हातातच राहिला. "का पण?"

"पोथी वाचायला शांतता पायजे व्हती."

"पोथी वाचाया देवीला खोटं पाडलं? दादा, म्या नवस बोललोय रं तिला."

भावजय परातीतून मान वर न करता म्हणाली, "मला तवाच वाटलं. आई एवढ्या घाईनं कवा बोलत न्हाई."

भावानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "आता परत कौल लाव."

"काय नगं," भावजय म्हणाली. "आईला लय तरास दिला तुमी दोघांनी. मंगळवारी चूल मांडते. भावजी, तुमी पोथी आत माजघरात वाचा."

मी बरं म्हणालो. भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण सकाळी पडवीतली माझी खुर्ची त्यानंच उचलून आत नेऊन ठेवली.

तुम्ही गेलात तिकडं हे पत्र टाकायला पेटी नाही, ते वहीतच राहील. कौलाचं सगळं सांगून टाकलं, गुरुजी. एवढंच त्या दोघांना सांगितलेलं नाही, की तोंड उघडण्याआधी मी भावजयीच्या रश्श्याची दोनदा तारीफ केली, आणि रस्सा खारट झाला होता.