झडपेतून येणारी धग

ता. ७ एप्रिल, मंगळ.

सु. गेली. सकाळच्या गाडीनं, नांदेडला, वैशूकडे. लेकीकडे जाताना ही एरवी चार साड्या निवडून घेते. आज कपाटातून हाताला येतील तेवढ्या पिशवीत कोंबल्या. म्हणजे मुक्काम लांबचा.

कारण काय, तर झोपायच्या खोलीत वरून धग येते. आधी येत नव्हती. पत्र्याखाली फळ्यांचा माळा आहे, तो ऊन वरच्या वर अडवायचा. दिवाळीत जावईबापूंनी पडवीतून वर जायचं तोंड विटांनी बुजवलं, इथं माळ्याला भोक पाडलं आणि घडीची शिडी बसवून दिली. दोरी ओढली की झडप उघडते, शिडी उतरते. सासूबाई पडवीतल्या लाकडी शिडीवरून घसरल्या होत्या, त्याचा एवढा कळवळा. आता सासूबाई घसरत नाहीत, भाजतात.

फाट्यावर गाडीत चढता चढता म्हणाली, "ती झडप बुजवा आदी. मग येते. मला न्हाई भाजून मरायचं."

बुजवतो. त्यात काय.

ता. ८

झडप नीट पाहिली. पापडासारखा प्लाय, चारी अंगांनी बोट जाईल एवढी फट. दुपारी फटीखाली हात धरवेना. वर हायवेच्या ट्रकांची धूळ पत्र्याखालून माळ्यावर आणि माळ्यावरून थेट माझ्या उशीवर. आणि हे म्हणे इंजिनीअर. शिडी हैदराबादहून आणली, अक्कल तिथं मिळत नसावी.

जावईबापूंना (यापुढे जा.बा.; पूर्ण लिहायला शाई वाया जाते) फोन केला. म्हणे मामा, फटीला रबरी पट्टी लावा, प्लायवर थर्माकोल बसवा, फक्त झडप उघडत राहिली पाहिजे. व्हिडिओ पाठवला. एक गोरा माणूस, हातात पांढरे मोजे, माळ्यावर औषधाला एक जाळं नाही. मध्येच बंद केला. उभी हयात स्टँडवर कंट्रोलर होतो, अख्ख्या तालुक्याच्या गाड्या सोडल्या. फट बुजवायला मला गोरा लागत नाही.

ता. १०

रशीदच्या हार्डवेअरला गेलो. थर्माकोल, चंदेरी फोम, डिंक. रबरी पट्टी दाखवली त्यानं. बोटानं दाबली तर दबली. दबणारी वस्तू उन्हाला काय अडवणार? नाही घेतली.

रशीद म्हणाला, भाभी नहीं दिखते. सांगितलं, लेकीकडे गेल्यात, येतील. कधी, असं त्यानं विचारलं नाही, पण तोंडावर होतं. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावायची खोड या फाट्यावर सगळ्यांनाच.

ता. १२, रवि.

प्लायवर थर्माकोलचे तीन थर, त्यावर फोम. एकट्यानं केलं. शेजारचा देशमुख दारात उभा राहून सल्ले देत होता. याच्या स्वतःच्या न्हाणीचं दार दोन वर्षं झाली, लागत नाही.

खोली जरा निवली. फटी आहेतच. सु.ला फोन. वैशूनं उचलला, म्हणाली आई झोपली आहे. दुपारी तीनला! माझ्या घरात ही बाई कधी दुपारी झोपली नाही.

ता. १३

आज मेलो असतो. जेवून कॉटवर पडलो होतो. धाडकन आवाज. झडप आपोआप उघडली आणि ती अॅल्युमिनियमची शिडी घडी मोडत माझ्या उशीशेजारी येऊन उभी. शिडीच्या स्प्रिंगला एवढ्याशा थर्माकोलचं ओझं झेपेना. जा.बा.च्या सगळ्याच वस्तू अशा. दिसायला चकचकीत, वजन पडलं की पाय सोडतात.

ठरलं. झडप कायमची बंद. वर जायचंय कुणाला? माळ्यावर आहे काय? आकाशकंदील, वैशूचा पाळणा, सु.चं माहेरचं पितळ. पडू दे.

ता. १५

रशीदकडून सिलिकॉनच्या नळ्या आणल्या. म्हणाला, "साब, ये लगाव. हाथी बी लटका तो निकलता नइ." मला हत्ती टांगायचा नाही, झडप चिकटवायची आहे. चारी फटी गच्च भरल्या. ओढायची दोरीही कापून टाकली.

ता. १६

खोली गार. म्हणजे एसीसारखी नाही, माणसाच्या खोलीसारखी. दुपारी चादर घ्यावीशी वाटली. घेतली नाही, पण वाटली.

सु.ला सांगितलं. म्हणाली, "बरं झालं."

एवढंच. मागून टीव्हीचा आवाज. मग वैशूनं फोन घेतला. "बाबा, आईला हितं बरं वाटून राह्यलं. राहू द्या की. तुमीच या काहून न्हाई?"

जावयाच्या दारी जाऊन राहायचं? त्यापेक्षा स्टँडवर बाकड्यावर झोपेन.

ता. १८, शनि.

खोली गार आहे आणि तिच्यात मी एकटा आहे. भाजी खारट झाली. मीच केली होती, म्हणून कुणाला बोलता आलं नाही. घर खायला उठलंय. इथं लिहितो. फोनवर सांगणार नाही. बोलावणार तर मुळीच नाही.

बोलावलं आणि नाही म्हणाली तर?

ता. २१, मंगळ.

स्वतःहून फोन आला. संध्याकाळी.

"अहो, एक पायली गहू भिजत घाला आजच. रोज पाणी बदला, इसरू नका. अन् माळ्यावरून माझा सोऱ्या काढून ठेवा."

मी म्हणालो, म्हणजे येऊन राहिलीस?

"शुक्रवारी येते. कुरडया तरी घालते. वैशूलाबी लागतात. वाळल्या की मग बगू."

बघू. हा शब्द ज्यानं काढला त्याला भर उन्हात पत्र्यावर बसवला पाहिजे. कुरडया वाळल्या की त्यातल्या थोड्या डब्यात भरून परत नांदेड, हाही अर्थ त्यातच. पण गहू भिजत घाला म्हणाली. वर भिजलेला गहू तीन दिवसांवर ठेवता येत नाही, सडतो. म्हणजे शुक्रवारी येणार हे पक्कं.

गहू घातले. मग वर पाहिलं. सोऱ्या माळ्यावर. माळ्याच्या तोंडाला हत्तीचं सिलिकॉन.

ता. २२

सकाळी बाजारातून नवा स्टीलचा सोऱ्या आणावा म्हटलं. आणला असता तर तिनं हातात घेताच ओळखलं असतं. तिचा पितळी, तिच्या आईचा. त्यातून पडलेल्या कुरडईची तार वेगळी असते असं तिचं म्हणणं. मला कधी फरक कळला नाही. तिला कळतो.

आणि झडप फोडली तर धग परत. धग परत आली की ती का राहील?

दुपारपर्यंत विचार. मग करवतीचं पातं घेऊन चढलो. टेबलावर स्टूल. सिलिकॉन निघेना. रशीद आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला. प्लायची एक कड तुटली, थर्माकोलचा भुगा सगळ्या अंथरुणावर. शेवटी झडप खाली आली. वर अक्षरशः भट्टी. सोऱ्या पाळण्यात होता, तिच्या जुन्या पातळात गुंडाळलेला. तिथंच बसलो थोडा वेळ. घामानं डोळे चुरचुरत होते. घामानंच.

ता. २३

रबरी पट्टी आणली. रशीद हसला नाही. हसला असता तर परत केली असती. देशमुख मात्र हसला.

तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. गोरा शेवटी तेच सांगतो जे जा.बा. म्हणाले होते. दोन माणसांनी सांगितलं म्हणून शहाणपण होत नाही, पण दुसरं काही सुचेना. वजन पेलायला झडपेला आडवी कडी ठोकली, दोरी नवी बांधली. तीन अंगं छान बसली. तुटलेल्या कडेशी फट राहिली. तिथं हात धरला. धग आहे. आधीएवढी नाही. पण आहे.

ता. २४, शुक्र.

वैशूचा फोन: आई गाडीत बसली. पिशवी किती मोठी आहे, ते विचारायचं होतं. नाही विचारलं.

खोली झाडली. कॉट ओढून लांब केली, तुटकी कड डोक्यावर येणार नाही अशी. ती आल्याबरोबर वर बघणार, मला माहीत आहे. नुसता हात वर धरणार.

गव्हाचं पाणी बदललं. आंबूस वास सुटलाय. छान फुगलेत. तिनं एक पायली सांगितली होती, मी तीन घातल्या. हंडा, बादली, घंगाळ, सगळं भरलंय. ओरडेल. म्हणेल, एवढ्या कुरडया कोण घालणार, कधी वाळायच्या.

लागू देत दिवस.