वरदच्या सोसायटीत ड्रॅगन नाही

२ नोव्हेंबर, रविवार
आज माझ्या टेबलावर पुन्हा एक ड्रॅगन मेला. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. पनवेलमध्ये हा खेळ मीच आणला. फासे माझ्या मित्राचे, वरदचे होते, पण नुसत्या फाशांनी काय होतं?
खेळणाऱ्या तिघांतली पूर्वी जांभई देत म्हणाली, तलवारी सोडून काही नाही का रे? कल्पेश म्हणाला, मला आता सगळे ड्रॅगन नावानिशी माहीत आहेत. विनिताने रिक्षा बुक केली.
ठरलं. फँटसी बंद. असा विषय काढतो की तिघं पाया पडतील.

४ नोव्हेंबर
विषय: अंतराळ. यानाचा नकाशा काढायला बसलो. यानात स्वयंपाकघर कुठे असतं ते शोधताना बिर्याणीचे व्हिडिओ लागले. स्वयंपाकघर पूर्ण झालं. यान बाकी.

६ नोव्हेंबर
अंतराळ कुणीही करतं. विषय: क्रांतिकारक. अभ्यासाला म्हणून एका क्रांतिकारकाच्या जन्मगावी, शिरढोणला निघालो. वाटेत शाळेतला मित्र शैलेश भेटला, तो कर्नाळ्याला पक्षी बघायला चालला होता. वातावरणनिर्मितीसाठी मीही गेलो. पक्षी दिसले नाहीत. शिरढोण जाताना लागलं, येतानाही लागलं. थांबणं झालं नाही.

८ नोव्हेंबर
वरद उद्या स्वतःचा खेळ घेतोय. पूर्वीने सांगितलं, तेही किती सहज. विषय म्हणे सोसायटीचं रीडेव्हलपमेंट. हे तिघं कमिटी मेंबर, वरद बिल्डर. हसून लोळलो. रविवारी मीटिंगला कोण जातं?

९ नोव्हेंबर, रविवार
तिघंही गेले.
मी सहज वरदच्या खिडकीखालून चाललो होतो. सहजच परत आलो, परत गेलो. वर विनिता ओरडत होती, आधी लिफ्टचं लेखी द्या. माझ्याकडे ती दोन वर्षांत "फासे दे" याच्या पुढे गेली नाही.
ड्रॅगनला लिफ्ट लागत नाही, हा माझा दोष आहे का?

१२ नोव्हेंबर
विषय: समुद्र. कल्पेशला घेऊन उरणला त्याच्या मामीकडे गेलो, ती मासे विकते. वादळं, चाचे, सगळं विचारलं. मामी बोंबील वाळत घालता घालता म्हणाली, "तुमी टेबलावर बसून दर्यान जाता? बरा हाय, भिजावं लागत नाय." कल्पेश गरजेपेक्षा जास्त हसला. परतताना गव्हाणपर्यंत तो मला कार्पेट एरिया समजावत होता.
समुद्र रद्द. मामींचं सहकार्य नाही.

१५ नोव्हेंबर
विषय नकोच, डोकं हवं. वरदला फोन केला, मीही येतो म्हटलं. म्हणाला, ये की, सही न करणारा एक सभासद आम्हाला हवाच आहे.
भोळा आहे बिचारा. मी सही करणारच नाही. बिल्डिंग पडणार नाही, खेळ हलणार नाही, तिघं कंटाळतील आणि माझ्या टेबलावर परत येतील.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
मी झालो कमलाकरकाका, पहिला मजला. सुरुवात जबरदस्त. पूर्वी हात जोडत होती. विनिता कोर्टाची धमकी देत होती. कल्पेश म्हणाला, काका, आमच्या पोरांकडे बघा. त्याला पोरं नाहीत, तरी मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या टेबलावर माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं.
मग वरद बिल्डरच्या आवाजात म्हणाला, काका, तुम्हाला नक्की हवंय काय?
याचा विचार मी केला नव्हता.
तो म्हणाला, सातवा मजला देतो, पूर्वेची गॅलरी, समोर माथेरानचा डोंगर. सकाळी खुर्ची टाकून बसा, कुणी उठवणार नाही.
मला ती गॅलरी दिसली. सही केली. फासे टाकायचीही गरज पडली नाही.
तिघांनी टाळ्या वाजवल्या. पूर्वीने वरदला मिठी मारली. काका भाड्याच्या घरी गेले, म्हणजे माझं काम संपलं. उरलेला वेळ मी सगळ्यांना चहा करून दिला.
निघताना वरदला जरा कडक आवाजातच विचारलं, ताबा कधी? म्हणाला, आपल्या खेळाच्या गतीने दोन-तीन महिने तरी जातील.
म्हणजे तोवर दर रविवारी जाणं आलं. बिल्डर लोकांवर लक्ष ठेवावं लागतं.