पाठीमागची बटणं

इसाफ्योर्दुर,
१५ डिसेंबर, सोमवार

प्रिय अल्फ्रूनताई,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. खिंड दोन दिवस बर्फानं बंद होती, म्हणून टपाल उशिरा आलं. तुम्ही सगळे बरे आहात हे वाचून बरं वाटलं. माझा गुडघा ठीक आहे. शाळेला शुक्रवारी नाताळची सुट्टी लागेल.

तू दोन कामं सांगितली होतीस. एक म्हणजे नाताळसाठी बाबांना काहीतरी नवं घ्यायचं. "ऐंशी वर्षं वाचले, आता शेवटी मांजरानं नेलं तर लोक आपल्याला हसतील," असं तू लिहिलंस. वाचून मीही हसलो. चोवीस तारखेला संध्याकाळी चर्चची सहाची घंटा व्हायच्या आत अंगावर नवं काही नसेल, त्याला नाताळचं राक्षसी मांजर घेऊन जातं, हे आपल्याला बाबांनीच मिशा फेंदारून सांगितलेलं.

ते काम काल केलं. ते कसं केलं हे सांगायला हे पत्र आहे, पण आधी दुसऱ्या कामाबद्दल.

वृद्धाश्रमातल्या बाबांच्या अल्बममधून 'तो' फोटो काढून तुला पाठवायचा. कारण तुझ्या लेकीनं, सोल्वेगनं, नवा फ्रॉक अंगाला लावून एक गिरकी घेतली आणि ती खेळायला गेली. आणि तुझा मुलगा ब्रागी मात्र नवा शर्ट घालून वीस मिनिटं आरशासमोर उभा होता, बाही गालाला लावून. "अगदी तुझ्यासारखा! नाताळच्या जेवणाला यंदा त्यालाही तुझी गोष्ट सांगणार आहे. फोटो दाखवला की पोट धरून हसतील सगळे."

ते वाक्य मी चार वेळा वाचलं. तुझा हेतू वाईट नाही, असं रोजनिशीत लिहिलं. मग ते खोडलं. मला खरंच तसं वाटतं का, याची खात्री नव्हती.

गोष्ट तू दर वर्षी सांगतेस, पण अर्धीच सांगतेस. उरलेली अशी आहे. त्या नाताळला आईनं हिरवी मखमल आणली होती. त्यातून तुझा फ्रॉक झाला आणि उरलेल्या तुकड्यातून माझं जाकीट. तू अकरा वर्षांची, मी आठ. तू फ्रॉक घालून बैठकीत आलीस, गिरकी घेतलीस, तर मावशी म्हणाली, "अगंबाई, राजकन्याच की!" मावशीच्या दोन्ही मुलांनी नवे स्वेटर डोक्यातून घातले आणि घातल्या घातल्या बर्फात लोळायला पळाले. त्यांचंही कौतुक झालं. मला वाटलं, आता माझी पाळी. मीही जाकीट घालून गिरकी घेतली.

बाबा म्हणाले, "बघा हो बघा, आमच्या घरात दुसरी मुलगी निघाली! एवढी हौस आहे तर पुरताच नट की. फिरून दाखव पाहू, बाई!"

ताई, इथून पुढचं तू सांगत नाहीस. तुझा गेल्या वर्षीचा फ्रॉक कपाटातून कुणी आणला? पाठीमागची सहा बटणं कुणी लावली? शेवटचं बटण लागत नव्हतं, तेव्हा तू म्हणालीस, "पोट आत घे ना रे." मी घेतलं. मावशीनं फोटो काढला. आई बटाटे बघायला स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते जाकीट घालून मासळीच्या शेडच्या पत्र्यावरून घसरलो. एकदा नाही, फाटेपर्यंत. बाबांनी पाठीवर थाप मारली, "आता कसं! आता शोभतोस." आईनं ते शिवलं. मी ते पुन्हा कधी घातलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनी माझा अपमान केला, पण जाकीट मी फाडलं.

आता कालचं. मी बाबांसाठी हिरव्या मखमलीचंच जाकीट घेतलं. योगायोग नव्हे, तीन दुकानं हिंडलो. रविवारी दुपारी कॉफीच्या वेळी सगळे म्हातारे दिवाणखान्यात असतात, ती वेळ मुद्दाम निवडली. मी त्यांना जाकीट घातलं, हात धरून मधोमध उभं केलं आणि मोठ्यानं म्हणालो, "बघा हो बघा, आमच्या घरातली मुलगी! फिरून दाखव पाहू, बाई!" बाबांच्याच आवाजात. गाडीत तीनदा सराव केला होता.

बाबा फिरले.

चाकांचा वॉकर सोडून, दोन्ही हात थोडे पसरून, पूर्ण एक गिरकी. मग बाही गालाला लावली. तिथली परिचारिका स्टेइनवोर टाळ्या वाजवत म्हणाली, "वा थोरलाकुर, काय देखणे दिसताय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मला जवळ ओढलं आणि कानात विचारलं, "माझंच आहे ना? आप्पा यायच्या आत काढून ठेवायचं का?"

त्यांचे आप्पा, म्हणजे आपले आजोबा. साठ वर्षांपूर्वी गेलेले.

तुला वाटेल, इथं मी विरघळलो. मलाही वाटलं होतं विरघळेन. त्यांना खोलीत परत नेताना स्वतःला तपासून पाहिलं. नाही विरघळलो. मला रागच आला. अडतीस वर्षं जपलेला सूड मी चुकीच्या माणसावर खर्च केला. ज्याला काही आठवतच नाही त्याचा सूड कसा घेणार? उलट त्यांचा दिवस गोड झाला.

तुला मात्र सगळं आठवतं.

तेव्हा तू मागितलेला फोटो मी पाठवत नाही. तो अल्बममधून काढला आणि माझ्या शेगडीत जाळला. त्याऐवजी मी काल काढलेला बाबांचा गिरकीचा फोटो पाठवतो आहे. ब्रागीला दाखव. आजोबा किती खूश आहेत बघ म्हणावं.

यंदा नाताळला मीही येतो आहे. तू बोलावलंस तेव्हा दर वर्षी काही ना काही कारण काढलं, यंदा नाही. तुझ्यासमोरच्याच खुर्चीवर बसेन. तू ती गोष्ट काढलीस तर मी तुला अडवणार नाही, शेवटपर्यंत सांगू देईन. मग उरलेली मी सांगेन, बटणं मोजून, तुझ्या मुलांकडे बघत.

सोबतच्या खोक्यात सोल्वेगसाठी बर्फातले बूट आहेत; तिला लोळायलाच आवडतं, तू बघितलं नाहीस एवढंच. ब्रागीसाठी हिरवं मखमली जाकीट आहे. त्याला बटणं पुढून आहेत, त्याची त्याला लावता येतील.

तुझ्यासाठी यंदा काही घेतलेलं नाही. खोक्यात शोधू नकोस. सहाची घंटा झाली की दाराकडे लक्ष ठेव. मी येईन किंवा मांजर येईल.

तुझा धाकटा,
आणि तुझ्या गोष्टीतली ती मुलगी,
हाउकुर