चिठ्ठीने मिळवलेली जागा

नागपूर, २९ जानेवारी १९८४

आदरणीय श्रीहरीमामा यांस,
इसरूचा सप्रेम जयभीम.

तुमचा खोकला उतरला असेल आणि मामींचा गुडघा चामोर्शीच्या बाजारापर्यंत साथ देत असेल, अशी आशा करतो. धानाची चुरणी-मळणी आटोपली काय? मी बरा आहे. (बरा म्हणजे काय, ते पुढे वाचा. उभ्याने वाचू नका.)

मी इथे सर्जरीत हाऊसमनची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरची जागा मिळवायला आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मोठ्या पोरांनी सांगितलं होतं की मार्क सगळ्यांनाच असतात. सरांच्या नजरेत राहा, सर म्हणतील त्याला होच म्हणा आणि एखाद्या वजनदार माणसाची चिठ्ठी आणा. म्हणून तुम्ही मिळवून दिलेली चंद्रपूरच्या गुणवंतरावांची बंद चिठ्ठी मी सर्जरीच्या मोठ्या सरांच्या हाती दिली. सरांनी चालता चालता ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या याला." मामा, माझे डोळे भरून आले. पाच मिनिटांत एका नर्सबाईने माझ्या हातात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दिला आणि सतरा नंबरची खाट दाखवली!

गुणवंतराव रोज दहा पेशंटांना चिठ्ठ्या देतात. नंतर कळलं, माझ्या चिठ्ठीतही त्यांच्या कारकुनाने सवयीने लिहिलं होतं, 'गरीब माणूस आहे, आपल्या वॉर्डात जागा द्यावी.' मी तोंड उघडणार होतो, पण सरांना नाही म्हणायचं नाही ना! निजलो. राउंडला सरांनी पोट दाबलं आणि म्हणाले, "पानथरी चांगली चार बोटं वाढली आहे. हे आपलं काम नाही, मेडिसिनला पाठवा." (पानथरी म्हणजे प्लीहा; हिवतापात ती फुगते.) इंटर्नशिपला भामरागडकडे सहा महिने लोकांना हिवतापाच्या गोळ्या वाटल्या, आणि तो माझ्याच पोटात राहत होता!

मेडिसिनमध्ये शेजारच्या खाटेवर चैतूभाऊ होते, जंगलातल्या गावचे. त्यांना गोंडीशिवाय काही येत नव्हतं. तोंड उघडत नाही म्हणून दातवाल्या डॉक्टरची वाट पाहणं चाललं होतं. मी तिकडे शिकलेल्या मोडक्या गोंडीत विचारपूस केली. दातांतून शब्द गाळत ते म्हणाले, की बांबू तोडताना पंधरा दिवसांपूर्वी सळ पायात घुसली होती. बंद जबडा आणि पायातली जखम, मला रोग कळला. दुपारी मेडिसिनचे सर आले तसा मी खाटेवर उभाच राहिलो. "सर, याले धनुर्वात होऊन राह्यला!" (घाबरलो की माझी भाषा घरी जाते.)

"तू कोण?"

"मी डॉक्टर आहो सर."

सर शांतपणे हाऊसमनला म्हणाले, "तापात भ्रम. लिहून ठेवा."

मग मी पायजम्याची नाडी धरून, इंग्रजीत, धनुर्वाताचं अख्खं प्रकरण म्हणून दाखवलं. सरांनी पाय उचलून पाहिला. टाचेजवळ काळा ठिपका होता. पुढच्या घटकेला इंजेक्शनं आली, उजेडाने झटके येऊ नयेत म्हणून खोली अंधारी झाली, आणि तीन आठवडे आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. परवा चैतूभाऊ पेज प्यायले. त्यांची बायको ठमाबाई तेव्हा पहिल्यांदा रडली, आणि मीही. सर माझ्याजवळ थांबून म्हणाले, "एक तारखेपासून रुजू हो. स्वतःच्या कपड्यांत ये."

आपला भाचा,
इसरू

ता. क. जागा मेडिसिनमध्ये मिळाली आहे, सर्जरीत नाही. म्हणजे ऑपरेशन मी कधीच करणार नाही. बाबांना हे अजून कळवलेलं नाही.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. पोरगा सर्जन होईल, त्याच्याच हातून कापून घेईन, म्हणून बाबा चार वर्षांपासून हर्निया माझ्यासाठी राखून बसले आहेत. परक्या हाताने कापून घ्यायला ऐकत नाहीत. मामा, तुमचं ऐकतील. काहीही सांगा, पण या आठवड्यात त्यांना एसटीत बसवून घेऊन या. कापणारा दुसरा असेल, पण त्यांचा हात धरून मी उभा राहीन, एवढं त्यांना नक्की सांगा.