आतल्या खोलीतला कापूस

घाटंजी,
होळीच्या आधी

तीर्थरूप अनंतमामांस,

अवधूतचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला कसा आहे? मी खुशाल आहे, फक्त अंगाला खाज सुटते. कारण पुढे येईलच. (फोनच करणार होतो, पण फोनवर अर्धं तुम्हांला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं मामी गल्लीभर सांगतात.)

तुम्ही जमवलेल्या लग्नाला वर्ष होऊन गेलं, पण आम्ही एका छपराखाली नांदलो ते सुट्ट्यांपुरते. मिताली नागपुरात घरी बसून कंपनीचं काम करते, मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तिची अट एकच : दार लावून काम करता येईल अशी एक खोली दे, दुसऱ्या दिवशी येते. यात वावगं काही नाही. म्हणून दिवाळीनंतर टेकडीच्या पायथ्याशी फ्लॅट भाड्यानं घेतला. मालकांनी चहा पाजला, गॅलरीतून सागाची टेकडी दाखवली, मी हुरळलो आणि आतल्या खोलीचं दार उघडून बघायचं राहून गेलं. सामान घेऊन आलो तेव्हा उघडलं, तर आत जमिनीपासून पंख्यापर्यंत कापूस!

मालक रामधनभाऊ राठोड यांचा तांडा टेकडीपलीकडे. तिथं व्यापाऱ्याची गाडी जात नाही, इथं दाराशी येते, म्हणून वेचलेला कापूस आमच्या (म्हणजे त्यांच्याच) फ्लॅटमध्ये. "भाव आला का इकतो न् खोली खाली करून देतो सर, तुमाले कायची घाई?" माणूस सज्जन, भाडं अर्धंच घेतात. त्यांच्या पत्नी जमनीबाई दर रविवारी कापूस बघायला येतात, ज्वारीची भाकर आणि ठेचा आणतात, जाताना माझा हॉलही झाडून जातात. आता भांडायचं कोणाशी?

पण मामा, भाव म्हणजे काय चीज आहे! मी सकाळी चहाआधी मोबाइलवर बाजारभाव बघतो. उतरला की रामधनभाऊ म्हणतात, "पडल्या भावात कोन इकते?" चढला की म्हणतात, "चढून राह्यला, मंग आताच काहून इकू?" या दोन वाक्यांच्या मध्ये विकण्याचा दिवस नेमका कुठे बसतो, हे रसायनशास्त्राला अजून सापडलेलं नाही. तोवर घरात काडी ओढायला बंदी. शेगडी गॅलरीत, वाऱ्यानं पोळी एका बाजूनं कच्ची. देवाला न पेटवलेली उदबत्ती दाखवतो (देव समजूतदार आहे). काळ्या पँटवर कापूस चिकटलेलाच असतो, त्यामुळे पोरं मागून 'सरकी सर' म्हणतात.

तरी जागा फार चांगली आहे हो. संध्याकाळी टेकडीवरून गार वारा येतो. मितालीला आवडेल. तिच्यावाचून या घरात मला करमत नाही, हे तुम्हांला सांगायला लाज कसली?

तुमचा भाचा,
अवधूत

ता. क. १ : पत्राचं खरं कारण हे, की तुमचा जन्म अमरावतीला कापसाचे सौदे बघण्यात गेला. एकदा येऊन रामधनभाऊंना "विका" एवढंच म्हणा. वडीलधाऱ्यांचं ते ऐकतात.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच रामधनभाऊ आले, खाली व्यापाऱ्याची गाडी उभी करूनच. "सर, तुमी शिकेल मानूस. सांगा, देऊन टाकू का?" आणि मामा, माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा अजून आठवडाभर, चढतोय." गाडी रिकामी परत गेली. मला तेव्हापासून बसवत नाही. हे उभ्यानंच लिहितो आहे.

ता. क. ३ : मितालीला फोन करून सगळं कबूल केलं. आता ही रागावणार म्हणून डोळे मिटून घेतले होते. तर म्हणाली, "बरं केलंस. मीपण रोज सकाळी भाव बघते, अजून चढेल." (इतके महिने मला वाटत होतं मी एकटाच बघतोय.) कापूस जाईल तेव्हा जाईल, ती शनिवारी येते आहे. टेबल हॉलमध्ये लागेल आणि ती कामात असताना मी गॅलरीत बसायचं, असं ठरलं. तेव्हा मामा, "विका" म्हणायला येण्याची आता गरज नाही. एरवी केव्हाही या, घर तुमचंच आहे. फक्त शनिवारनंतर महिनाभर मुळीच येऊ नका.